कोलायटिस आहे आणि परदेशात पोट बिघडलं, तर काय करायचं

पहिलं म्हणजे घाबरून मनानेच स्टेरॉइड सुरू करू नका. बँकॉकला किंवा पॅरिसला जुलाब लागले म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसच (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार) उसळला असं नसतं, बाहेरच्या खाण्यापाण्याचं इन्फेक्शनही अगदी तसंच दिसतं, म्हणून आधी स्टूल टेस्ट करा, त्यात सी डिफिसाइल (जुलाब करणारा एक जिवाणू) पण बघायला सांगा आणि रिपोर्ट आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तोवर ओआरएस घोट घोट घेत राहा. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर लोपरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) नकोच, अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन पण नको, त्याने आजार उसळू शकतो, पॅरासिटामॉल घ्या. आधीपासून स्टेरॉइड चालू असेल आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, ते अचानक बंद होणं खरंच धोक्याचं असतं.

दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताची शी, सोबत ताप किंवा धडधड, म्हणजे इमर्जन्सी. युरोपात ११२ लावा.

निघण्याआधी इन्शुरन्समध्ये आजार लिहाच, लपवला तर क्लेम अडकतो, आणि जुन्या आजाराला कव्हर कितपत आहे ते पण वाचून घ्या. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र, त्यात ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. अ‍ॅडालिम्युमॅबची (कोलायटिस आटोक्यात ठेवणारं औषध) इंजेक्शनं हँडबॅगेतच, २ ते ८ डिग्रीत, चेक-इन बॅगेत गोठली की फेकूनच द्यावी लागतात.