मुंबईच्या दमट हवेत शनेल नं. ५

१९२१ साली अत्तरकार अर्नेस्ट बो यांनी फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलसाठी घडवलेल्या या परफ्यूममध्ये आल्डिहाइड (एक प्रकारची सुगंधी रसायनं) भरपूर, म्हणून पहिला भपकारा साबणासारखा येतो. तेवढ्यावरून नाक मुरडू नका. मनगटावर एकच फवारा घ्या, अर्धा तास थांबा. जाई-गुलाब तेव्हा कुठे जाणवतात. मनगटं एकमेकांवर घासू नका, सुरुवातीचा ताजेपणा लवकर उडतो.

मे महिन्यात लोकल गाठायची असेल तर दोनच फवारे पुरेत, तेही अंघोळीनंतर अंग नीट कोरडं करून, कपड्याआड. घामावर मारलं की घामाचाच वास वर येतो. (डब्यातल्या शेजारणीचाही विचार करा!) पैठणीवर थेट नकोच, रेशमावर डाग पडतो. मोत्यांची नथ, तन्मणी परफ्यूम वाळल्यावरच घाला. बाटली खोक्यासकट कपाटात ठेवा. बाथरूमच्या वाफेत किंवा खिडकीतल्या उन्हात ती लवकर बिघडते.