हेडफोन घेताना या चुका टाळा: आधी कानात नीट बसवा, मग नावं ठेवा

‘चांगला हेडफोन सुचव ना’ असा मेसेज आला की मी उलट विचारतो, कुठे बसून ऐकणार, किती वेळ, चष्मा आहे का? यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘ते सगळं राहू दे, बेस कुणाचा भारी ते सांग.’ मग दोन आठवड्यांनी तीच व्यक्ती नव्या हेडफोनची तक्रार घेऊन येते. या तक्रारी इतक्या सारख्या असतात की आता ऐकतानाच घोडं कुठे अडलंय ते कळतं. बऱ्याचदा वस्तू ठीक असते. ती कानावर बसलेली नसते, किंवा भलत्याच कामासाठी घेतलेली असते.

चूक पहिली: इअरफोनच्या टिप्स खोक्यातच ठेवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

माझ्या भाच्याने बरीच शोधाशोध करून इन-इअर (कानाच्या आत बसणारे इअरफोन) घेतले आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला. ‘मामा, नुसता पत्र्यासारखा आवाज आहे, परत पाठवतोय.’ म्हटलं, परत पाठवण्याआधी घेऊन ये. आला. इअरफोनला कंपनीने लावलेल्या मधल्या मापाच्या टिप्स (कानात जाणारी मऊ टोकं) तशाच होत्या, आणि लहान-मोठ्या टिप्सची पिशवी खोक्यात न फोडलेली. त्याला गाणं लावायला सांगितलं आणि डावा इअरफोन बोटाने हलकेच आत दाबला. त्याचे डोळे मोठे झाले. ‘हे काय केलंस?’ केलं काहीच नाही, फट बुजली. डाव्या कानाला मोठी टिप लावली, उजव्याची मधलीच ठेवली. दोन्ही कान एका मापाचे नसतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. परत पाठवायचा विषय तिथेच संपला.

कारण साधं आहे. इन-इअरचा इवलासा पडदा कानाच्या बंद पोकळीतल्या हवेवर दाब देतो, म्हणून एवढ्याशा वस्तूतून ढोलाचा घुमारा येतो. टिपच्या कडेला बारीक फट राहिली की कमी कंपनसंख्येचा दाब तिथून निसटतो. तीक्ष्ण आवाजावर मात्र फारसा फरक पडत नाही. उरतो तो पातळ, कानाला टोचणारा आवाज. मग लोक इक्वलायझर उघडून बेसचा दांडा पार वर नेतात. फट तशीच असल्यामुळे बेस काही येत नाही, आवाज तेवढा फाटतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

माझी पद्धत सांगतो. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि किंचित मागे ओढायचा, इअरफोन आत सरकवायचा आणि मग कान सोडायचा. गाणं न लावता काहीतरी बोलून बघायचं. आपलाच आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमला तर टिप बसली. दोन्ही बाजूंना सारखा घुमायला हवा. फोमच्या टिप्स असतील तर आधी बोटांत दाबून बारीक करायच्या, आत घालायच्या आणि अर्धं मिनिट धरून ठेवायच्या. त्या आत फुलेपर्यंत थांबायचा धीर नसेल तर सिलिकॉनच वापरा. फोमने वरचे सूर थोडे मऊ होतात, ते काहींना आवडतंही.

कान झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनचीही हीच गत. चष्म्याची जाड काडी गादीखाली आली की तिथे फट पडते. दाट केस, मोठं कानातलं यांनीही तेच होतं. गाणं चालू असताना दोन्ही कप तळहातांनी अगदी हलके दाबा. बेस एकदम वाढला तर फट आहे. बारीक काडीचा चष्मा किंवा जास्त मऊ गाद्या हा त्यावरचा उपाय, महागडं पुढचं मॉडेल नव्हे.

आणि एक. कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, टिप नसलेले कडक इअरफोन कान बंद करतच नाहीत. त्यांच्याकडून सीलबंद इन-इअरसारखा बेस मागू नका.

चूक दुसरी: पाच मिनिटांत निकाल लावणे

दोन हेडफोन शेजारी ठेवून तुलना केली की जो थोडा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. कानाची ठेवणच तशी आहे. आवाज कमी असताना कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. अमेरिकी संशोधक फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे आवाज वाढवला की बेसही आपोआप भरलेला वाटतो. तेव्हा तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. ‘ऐकता क्षणी फरक कळतो’ म्हणणारे बहुतेक जण व्हॉल्यूमचा फरक ऐकत असतात.

बेस आणि झांजा दोन्ही फुगवलेला हेडफोनही पहिल्या गाण्याला बाजी मारतो आणि तासाभरात डोकं उठवतो. मी ऐकायला तीनच गोष्टी घेतो: वर्षानुवर्षं ऐकलेलं बाईच्या आवाजातलं एखादं गाणं, तालवाद्यं भरपूर असलेलं एखादं, आणि कुणाचं तरी नुसतं बोलणं. बोलण्यात खोटेपणा लगेच पकडला जातो. ‘स’ आणि ‘श’ टोचले किंवा माणूस डब्यातून बोलतोय असं वाटलं, तर पुढे ऐकायचं कारण नाही.

आरामाचंही तेच. डोक्यावर चढवून ‘वा, मऊ आहे’ म्हणायला एक क्षण पुरतो. दुखायला लागतं ते पाऊण तासाने. टाळूचा मधला भाग, कानाखाली जबड्याशी येणारा दाब आणि आतल्या जाळीला टेकणारा कानाचा शेंडा, या तीन जागा मी बघतो. शेंडा टेकत असेल तर तो हेडफोन तुमचा नाही, सवय वगैरे काही होत नाही. २५० ग्रॅमच्या आसपासचं वजन बहुतेकांना पेलतं, ४०० च्या पुढे मान बोलू लागते. नवा हेडफोन फार घट्ट वाटला आणि पट्टी धातूची असेल तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, डोक्याच्या मापाहून किंचित रुंद, ताणून ठेवा. प्लास्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग नको, तडा जातो.

चूक तिसरी: खोक्यावरचे आकडे वाचून घेणे

‘५ हर्ट्‌झ ते ४० किलोहर्ट्‌झ’ हे वाचून हरखून जाणाऱ्यांना एकच आठवण: निरोगी तरुण कानाची कमाल २० किलोहर्ट्‌झ, वयाबरोबर तीही उतरत जाते. शिवाय त्या पूर्ण पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो ते सांगितलेलं नसेल तर त्या पट्ट्याला अर्थ नाही. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला भाग) ४० च्या ड्रायव्हरहून चांगला, हेही तसंच. किमतीचीही फार शान नको. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन-इअरफोनची मापं प्रसिद्ध केली, आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा (खालचे-वरचे सूर किती मोठ्याने वाजतात त्याचा) किमतीशी काही संबंध त्यांना आढळला नाही. पैसे बांधणीत, वायरलेसमध्ये, नॉइज कॅन्सलिंगमध्ये जातात. त्यात वावगं काही नाही, पण ते सुरांसाठी मोजले असं समजू नका.

खरोखर वाचावे असे दोनच आकडे, इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठ्याने वाजतो ते, डेसिबलमध्ये), आणि तेही एकत्र. सेनहायझरचा १९९७ चा एचडी ६०० हा ३०० ओहमचा. नाव ऐकून तो घ्यायचा, फोनला लावायचा, आवाज चढला नाही की ‘उगाच कौतुक करतात’ म्हणायचं, हा प्रकार नेहमीचा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तर ३२, ८० आणि २५० अशा वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतो, तरी लोक फोनसाठी २५० उचलतात, का तर आकडा मोठा. पण ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा असंही नाही. हायफायमॅनचा एचई-६ केवळ ५० ओहमचा, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल. १०० डेसिबलवाल्या हेडफोनइतकं मोठ्याने वाजायला त्याला चाळीसपटीहून जास्त वीज लागते. फोनवरच ऐकणार असाल तर सहज वाजणारा घ्या आणि अँपच्या (आवाज वाढवणाऱ्या वेगळ्या उपकरणाच्या) भानगडीत पडू नका. हेडफोनपेक्षा मोठा अँप खिशात घेऊन हिंडणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

चूक चौथी: मीटिंगमध्ये बिघडणारा ब्लूटूथ हेडफोन बदलत बसणे

माझ्या एका मित्राने या पायी चांगला हेडफोन बदलून घेतला, आणि बदलून आलेल्याचंही रडगाणं सुरू झालं. गाणी उत्तम, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की सगळे जुन्या लँडलाइनवरून बोलतायत असं वाटायचं. मीटिंग संपली की हेडफोन पुन्हा ठणठणीत. तो कंपनीला तिसऱ्यांदा लिहायच्या बेतात होता. मी त्याच्या लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये गेलो आणि इनपुट हेडफोनच्या माइकवरून लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर आणलं. आवाज जागच्या जागी मोकळा झाला.

गाणी ऐकताना ब्लूटूथ एकतर्फी स्टीरिओ मार्गाने आवाज पाठवतं. हेडफोनचा माइक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ दुतर्फी हँड्सफ्री मार्गावर उडी मारतं. तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झवर येतं, आणि त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्‌झच्या वरचं सगळं छाटलं जातं. ब्लूटूथच्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीने यात सुधारणा होते, पण दोन्ही टोकांची उपकरणं त्या पद्धतीची हवीत. तोवर लॅपटॉपचा माइक वापरा, किंवा रोज तासन्‌तास कॉल असतील तर सरळ वायरचा हेडसेट घ्या. वायर म्हटलं की तोंडं वाकडी होतात, मग कॉलमध्ये ‘ऐकू येतंय का’ करत बसावं लागतं.

कोडेकवरून (ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीवरून) हमरीतुमरीवर येणाऱ्यांसाठी एवढंच: एलडॅक हे कोडेक ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जातं खरं, पण आयफोन ते बोलतच नाही, तो एएसी किंवा एसबीसीवर चालतो. आयफोन असेल तर एलडॅकसाठी जादा पैसे मोजू नका.

बाकीच्या, भराभर

गाण्यातला गायक गायब आणि मागची वाद्यं मात्र पोकळ ऐकू येतात? जॅक पूर्ण आत गेलेला नाही. सामाईक ग्राउंड सुटलं की दोन्ही बाजूंना डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि मध्यावर असलेला गळा वजा होतो. जाड कव्हर काढा, पोर्टमधला कापसासारखा कचरा लाकडी काडीने काढा.

एक बाजू बारीक झाली? आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीतला डावा-उजवा बॅलन्स बघा, मग जाळीतला मळ. जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झटका. टाचणी नको, पाणी तर नकोच.

नॉइज कॅन्सलिंग विमानाची, पंख्याची घरघर गिळतं. शेजारच्याची बडबड त्याला तेवढी पेलत नाही, तिथे कान घट्ट बंद करणारी गादीच जास्त कामाची.

ओपन-बॅक (मागून उघड्या कपांचे) हेडफोन भरल्या ऑफिसात वापरू नका, तुमची गाणी शेजारच्यालाही ऐकू जातात.

‘शंभर तास वाजवला की खुलतो’ यावर मी विश्वास ठेवत नाही. गाद्या मऊ होतात, कान सरावतात, आणि तोवर परत करायची मुदत उलटून जाते.

प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, ९० डेसिबलवर फक्त ४ तास. गोंगाटात आवाज चढवत नेण्यापेक्षा टिप नीट बसवा, कमी आवाजात भागतं.

आणि घेण्याआधी गाद्या आणि केबल सुट्या मिळतात का ते बघा. गादीचं रेक्झिन काही वर्षांत सोलवटतं, आतला फोम दबला की आवाजही बदलतो. नवी गादी बसवायला दहा मिनिटं लागतात. छोट्या वायरलेस इअरफोनमधली बॅटरी बहुतेक वेळा बदलता येत नाही. रोज वापरलात तर दोन-तीन वर्षांत चार्ज टिकेनासा होतो, तेव्हा किमतीचा हिशेब तेवढ्याच वर्षांचा करा.