स्वस्त ग्रहमोहीम आखताय? चाचण्यांना कात्री लावू नका

नव्या चमूंचे आराखडे तपासताना एक गोष्ट मला दर वेळी खटकते. पैसे कमी पडले की पहिली कात्री चाचण्यांना. कॅमेरा हवाच, स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशाचं विश्लेषण करणारं उपकरण) हवाच आणि चाचण्या मात्र वेळ उरला तर! तो कधीच उरत नाही. मंगळाकडे निघायची संधी साधारण 26 महिन्यांनी येते आणि कोणासाठी थांबत नाही.

नासाचं ‘मार्स पोलर लँडर’ हे यान 3 डिसेंबर 1999 रोजी मंगळावर उतरताना हरवलं. चौकशीत सर्वांत संभाव्य ठरलेलं कारण असं: खाली येताना पाय उघडले, त्या हिसक्याने संवेदकांनी ‘जमीन लागली’ असा खोटा संकेत दिला, सॉफ्टवेअरने तो धरून ठेवला आणि जमीन सुमारे 40 मीटर खाली असतानाच इंजिनं बंद केली. पाय उघडण्याची चाचणी झाली होती. पण तेव्हा संवेदकांच्या तारा चुकीच्या जोडलेल्या होत्या. चूक सापडली, तारा नीट जोडल्या, चाचणी मात्र पुन्हा घेतली नाही. उतरतानाची माहिती पाठवायची सोयही काटकसरीत गेलेली, त्यामुळे खात्रीने कुणालाच काही सांगता आलं नाही.

म्हणून एक तार जरी हलली, तरी माझ्या लेखी आधीची चाचणी रद्द. वहीत लाल फुली मारतो, ती नव्या चाचणीनंतरच खोडतो. एकदा एक तरुण अभियंता हटून बसला, “फक्त कनेक्टर काढून परत बसवलाय.” तरी चाचणी घ्यायला लावली. एक पिन वाकलेली निघाली.

एककं लिहा, प्रत्येक आकड्यापुढे. त्याच 1999 मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान पाउंड आणि न्यूटन या बलाच्या एककांच्या घोळात गेलं.

वजनात सुरुवातीला 30 टक्के राखीव ठेवा. ते वाढतंच.

दुसऱ्याच्या रॉकेटवर जागा मिळाली म्हणून हुरळू नका. नासाच्या ‘जेनस’ या लघुग्रह मोहिमेची जुळी यानं ‘सायकी’ या मोठ्या यानासोबत त्याच्याच रॉकेटवरून जाणार होती. 2022 मध्ये ‘सायकी’चं उड्डाण लांबलं, ठरलेले लघुग्रह आवाक्याबाहेर गेले आणि तयार यानं जमिनीवरच राहिली.

उपकरण गाळा म्हटलं की शास्त्रज्ञ नाराज होतात, तेही मनापासून. मी त्यांना मंगळयान दाखवतो: पाच उपकरणं, मिळून सुमारे 15 किलो. सहावं हवं असेल, तर त्याच्या चाचणीचे दिवस आणि पैसे आधी वेळापत्रकात दाखवा.