आरव्हीची बॅटरी भरायला इतका वेळ का लागतो?

आरव्हीतली, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतली, लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावूनही पूर्ण भरत नसेल, तर चार्जिंग चालू असतानाच तिच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा. बरेच जुने कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर गाडीतली बॅटरी चार्ज करणारी उपकरणं) 13.6 व्होल्टच्या आसपासच थांबतात. तेवढ्यावर शेवटचे दहा-वीस टक्के फार रेंगाळतात. 14.4 व्होल्ट मिळाले की तेच काम काही तासांत उरकतं.

पण हा आकडा 25 अंश सेल्सिअसचा. थंड बॅटरी करंट कमी घेते, म्हणून दर अंशामागे साधारण 0.03 व्होल्ट वाढवावे लागतात. उन्हाळ्यात तेवढेच कमी करायचे, नाहीतर बॅटरीतलं पाणी भराभर आटतं. तापमान-सेन्सरचा चार्जर हे आपोआप करतो. माझ्या मते पैसे तिथेच घालावेत. सेन्सर मात्र थेट बॅटरीवरच बसवा. लिथियम बॅटरीचा हिशेब वेगळा: ती शून्य अंशाखाली चार्ज करूच नका.