भोंडल्याच्या गाण्याचे पाठभेद कसे नोंदवायचे

पुण्याकडे भोंडला, कोल्हापूर-सांगलीकडे हादगा: सूर्य हस्त नक्षत्रात गेला (२७ सप्टेंबरच्या सुमारास) की पाटावर हत्ती काढून फेर धरायचा. विदर्भ-खानदेशात भुलाबाई. ती भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागरीला उठते. मधली मांडणी वेगळी असली तरी गाणी बरीच सामाईक, म्हणून पाठभेदांची, म्हणजे एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या रूपांची, तुलना जमते.

सुरुवातीला एकच गाणं घ्या. 'अक्कण माती चिक्कण माती' सोयीचं, कारण ते साखळीचं आहे. माती, जातं, पीठ, करंज्या, तबक, शेला, पालखी, माहेर. एका ओळीतली वस्तू पुढची ओळ उचलते. करंज्यांवरून गाणं थेट पालखीवर गेलं तर बहुधा मधलं कडवं विसरलंय, तो पाठभेद नव्हे. अशा वेळी "तबकावर काय झाकतात?" असं सुचवू नका, बाई तुमचंच उत्तर गातील. नुसतं "परत एकदा म्हणा" म्हणा.

आधी गाऊन घ्या, मग सांगून. नुसतं सांगायला लावलं की 'गं', 'बाई' गळतात, ओळी आखडतात. फेरातलं रेकॉर्डिंग तालासाठी ठीक; शब्द मात्र एकेकीकडून घ्यावेत, कारण घोळक्यात मोठ्या आवाजाचाच पाठ ऐकू येतो. पंखा बंद करा. ऐकलं तसंच लिहा. 'पानी'चं 'पाणी' केलंत की फरक तिथेच पुसला.

सगळ्यात जास्त घोटाळा गावाच्या नोंदीत होतो. नाशकात ऐकलेलं गाणं नाशिकचं असेलच असं नाही. गाणी लग्न होऊन सासरी येतात. म्हणून गाणारीचं माहेर, सासर, दोन्हींचे तालुके, वय आणि "कोणाकडून शिकलात?" एवढं विचाराच. छापील पुस्तिकेतून पाठ केलेलं असेल तर तसं लिहून तो पाठ वेगळा ठेवा, नाहीतर चार जिल्ह्यांत एकच पाठ सापडल्याचा भास होतो.

मग ओळीला ओळ लावून तक्ता करा. आडव्या ओळीत कडवी, उभ्या रकान्यात माहेरचे तालुके.

उगमाबद्दल बेतानेच बोला. गाण्यात आगगाडी आली तर ती ओळ १८५३च्या आधीची नाही, कारण मुंबई-ठाणे गाडी तेव्हा सुरू झाली. बाकीचं गाणं त्याहून जुनं असू शकतं. भोंडल्याच्या गाण्यात 'भुलोजी' (भुलाबाईचा नवरा) आला म्हणून ते विदर्भातून आलं, असंही ठरत नाही.