एंजलची जोडी काळी आणि पिल्लं सोनेरी? रंगाच्या ब्रीडिंगमध्ये या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मी घरच्या टँकसाठी ब्लॅक एंजलफिशची (आपण नुसतं एंजल म्हणतो) एक जोडी घेतली, दोन्ही मासे कोळशासारखे काळे, दुकानदार म्हणाला "प्युअर ब्लॅक आहे, डोळे झाकून घ्या" आणि मी खरंच डोळे झाकून घेतली. पहिल्या दोन वेळा त्यांनी स्वतःचीच अंडी खाल्ली. तिसऱ्या वेळेला मी, अंडी ज्यावर घातली होती त्या पीव्हीसी पाइपासकट अंडी उचलून वेगळ्या टँकमध्ये ठेवली, एअर स्टोन लावला, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून थोडं मिथिलीन ब्लू टाकलं आणि दीडशेच्या आसपास पिल्लं वाचली. पिल्लं जरा मोठी झाल्यावर बघतो तर चाळीसएक पिल्लं चक्क गोल्ड! तडक दुकानात जाऊन भांडलो की तुम्ही मिक्स माल विकता म्हणून. नंतर कळलं की बिचाऱ्याची तशी काही चूक नव्हती, ती पिल्लं अगदी हिशोबाने जन्माला आली होती, हिशोब मलाच येत नव्हता.

तर पहिली चूक हीच, मासा जसा दिसतो तसाच तो आतून असेल असं धरून चालणं.

एंजलमध्ये काळा रंग देणारा डार्क जीन आणि गोल्ड जीन हे दोघं एकाच जागेवर बसतात. एसटीतलं दोन सीटचं बाकडं समजा, एक सीट बापाकडून भरते, एक आईकडून, तिसऱ्याला जागाच नाही. दोन्ही सीटवर गोल्ड बसला तरच मासा गोल्ड दिसतो. एका सीटवर डार्क आणि दुसऱ्यावर जंगली सिल्वरवाला (मूळचा चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा) जीन असेल तर ब्लॅक लेस, म्हणजे धुरकट काळा, पट्टे दिसतात असा. डार्क आणि गोल्ड शेजारी बसले की मासा पूर्ण काळा, याला ब्रीडर लोक हायब्रिड ब्लॅक म्हणतात. आणि दोन्ही सीटवर डार्क असेल तरी पूर्ण काळाच. माझी जोडी दोन्ही हायब्रिड ब्लॅक होती, म्हणजे दोघांच्याही पोटात एकेक गोल्ड लपलेला. अशा जोडीतून चारात एक पिल्लू गोल्ड येणारच, दीडशेत सदतीस-अडतीस, आणि माझ्याकडे चाळीस होती. आणखी काय पाहिजे!

यातच एक गंमत आहे. त्याच खेपेत चारात एक पिल्लू डबल डार्क असतं आणि डबल डार्क पिल्लं मुळातच नाजूक, हळू वाढतात, मरतातही जास्त. त्यामुळे ती आधी गेली की उरलेल्यात गोल्डचं प्रमाण पावच्या वर सरकतं, तिसरा हिस्सासुद्धा वाटू शकतं, आणि आपण आणखी गोंधळतो. "काळ्यावर काळा लावला की काळा येणार" या हिशोबाने जे वर्षानुवर्षं ब्लॅक बाय ब्लॅक करतात आणि मग म्हणतात ब्लॅक एंजल फार नाजूक मासा आहे बुवा, त्यांचं दुखणं बऱ्याचदा इथेच असतं. तगडे ब्लॅक हवेत तर डबल डार्कला गोल्डबरोबर लावा, सगळीच्या सगळी पिल्लं काळी आणि सगळी हायब्रिड, वाढायला पण जोरात. गोल्डबरोबर लावून काळी पिल्लं मिळतात हे ऐकून माझ्या ओळखीतल्या एकाने मला वेड्यात काढलं होतं, असो.

दुसरी चूक, आणि मला वाटतं सगळ्यात महाग पडणारी. पहिल्या पिढीत हवा तो रंग आला नाही म्हणून पिल्लं काढून टाकणं.

एका मित्राने प्लॅटिनम नर आणला, बरेच पैसे मोजून, आणि घरच्या सिल्वर मादीबरोबर लावला. सगळी पिल्लं सिल्वर. त्याने वैतागून दुकानात टाकली सगळी, सिल्वरला काय भाव मिळतो ते तुम्हाला माहितीच आहे. आता प्लॅटिनम म्हणजे काय, तर गोल्ड जीन दोन्ही सीटवर आणि शिवाय फिलिपिन ब्लू जीन, जो वेगळ्या बाकड्यावर बसतो, तोही दोन्ही सीटवर. दोन्ही जीन रिसेसिव, म्हणजे दोन सीट मिळाल्याशिवाय तोंड न दाखवणारे. मादीकडे यातलं काहीच नसेल तर पहिली पिढी सिल्वरच दिसणार, पण त्यातलं प्रत्येक पिल्लू दोन्ही जीनचं कॅरिअर, म्हणजे अंगावर न दाखवता पोटात बाळगणारं. म्हणजे मित्राने सिल्वर नाही विकले, त्याने अर्धे प्लॅटिनम विकले सिल्वरच्या भावात. त्या पिल्लांतली एखादी चांगली मादी आठ-दहा महिने वाढवून बापाबरोबर लावली असती तर चारात एक प्लॅटिनम आलं असतं, शिवाय चारात एक साधं गोल्ड आणि चारात एक ब्लू. भावंडं एकमेकांना लावली तर मात्र सोळात एक प्लॅटिनम, म्हणजे खेप मोठी आणि जागा भरपूर असेल तरच त्या फंदात पडा. बापाला लेक लावायची हे ऐकून काही जण नाक मुरडतात, पण माशांच्या रंगाची लाइन अशीच बनते, फक्त सारखंसारखं तेच करत राहिलात तर खालचे लांब पर नसलेली, वाकडी, रोगट पिल्लं दिसायला लागतात, तेव्हा अधूनमधून बाहेरचं रक्त आणा.

याच जातीचा दुसरा किस्सा म्हणजे अल्बिनो आणि गोल्ड. दोन्ही फिक्के, पांढरट-पिवळे, माणसाला वाटतं पिल्लं पण फिक्कीच येणार, आणि येतात सगळी सिल्वर, पट्ट्यापट्ट्यांची! कारण दोन्ही जीन वेगवेगळ्या बाकड्यांवरचे, प्रत्येक पिल्लात दोन्ही जीनना एकेकच सीट मिळाली. सारखे दिसणारे मासे सारख्या कारणाने तसे दिसतात असं नाही.

आता घोस्टबद्दल. स्ट्राइपलेस जीन एका सीटवर असला की पट्टे नसलेला घोस्ट, दोन्ही सीटवर असला की ब्लशिंग. घोस्ट जोडीतून पाव सिल्वर, निम्मे घोस्ट, पाव ब्लशिंग येतात, इथपर्यंत ठीक. पण ब्लशिंग पिल्लांच्या गालावर लाल डाग दिसतात, कारण त्यांचं कल्ल्यावरचं झाकण पारदर्शक असतं आणि आतले लाल कल्ले बाहेरून दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गिल इन्फेक्शन समजून मीठ टाकलं, औषध टाकलं, पाणी बदललं, परत औषध टाकलं, आणि ठणठणीत पिल्लांमधली वीसएक माझ्या औषधानेच मेली. पिल्लू खातंय, पोहतंय, वर येऊन धापा टाकत नाहीये आणि फक्त गाल लाल आहेत तर हात खिशात ठेवा. मोठं होताना झाकण जाड होतं आणि ती लाली पण कमी होत जाते. कोई एंजलसुद्धा ब्लशिंगच असतात, तेव्हा तिथेही घाबरू नका.

हे सगळे प्रमाणाचे हिशोब आज आपण फुकटात वापरतो ते अमेरिकेतल्या डॉ. जोआन नॉर्टन यांच्यामुळे, १९८० आणि ९० च्या दशकांत त्यांनी एंजलच्या जोड्या लावून, पिल्लं मोजून मासिकांत लेखमाला लिहिली. मोजून, हे महत्त्वाचं. आपण काय करतो, शंभरातली आठ पिल्लं वाचतात, त्यात एकही गोल्ड नाही म्हणून ठरवून टाकतो की जोडीत गोल्ड नाहीच. चारात एकची शक्यता असताना आठ पिल्लांत एकही न येण्याचा चान्स दहा टक्के आहे, म्हणजे अजिबात दुर्मिळ नाही. सोळात एकही नाही आलं तर तो चान्स एक टक्क्यावर येतो, मग थोडं बोलू शकता. शंका असेल तर सरळ गोल्डबरोबर लावून बघा, कॅरिअर असेल तर निम्मी पिल्लं गोल्ड येतील, ओळीने सात पिल्लं गोल्ड नसतील तर तो कॅरिअर असण्याची आशा सोडा.

घाईने रंग ठरवणं ही पण मोठी चूक. मिडास सिक्लिडची (एंजलच्याच कुळातला मासा) पिल्लं राखाडी, काळ्या पट्ट्यांची जन्मतात, निकाराग्वाच्या तळ्यांत बहुतेक आयुष्यभर तशीच राहतात आणि थोडीच सोनेरी होतात, ती पण कित्येक महिन्यांनी काळ्या पेशी मरत गेल्यावर. तिथे गोल्ड डॉमिनंट आहे, एक सीट पुरते, म्हणजे एंजलच्या बरोबर उलटं, आणि एंजलचा नियम तिथे लावून बसलात की फसलात. फ्लॉवरहॉर्न मासे पाळणाऱ्यांना फेडिंगची, म्हणजे काळा रंग उतरण्याची, वाट बघण्यातला जीवघेणेपणा सांगायला नको. हाफ-ब्लॅक एंजल तर आणखी नखरेल, जीन दोन्ही सीटवर असूनसुद्धा पिल्लं गर्दीत किंवा खराब पाण्यात वाढली तर मागचा काळा भाग उमटतच नाही, मग दोष आईबापाचा नाही, तुमच्या पाणी बदलण्याच्या आळसाचा.

मलावीवाल्यांसाठी, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी तळ्याचे मासे पाळणाऱ्यांसाठी, थोडक्यात. ओबी, म्हणजे नारिंगी अंगावर काळे डाग असलेल्या मबुनांमध्ये (तिथले खडकांत राहणारे मासे) बहुतेक माद्याच का येतात, तर तो रंग मादी ठरवणाऱ्या भागाला चिकटलेला आहे, २००९ मध्ये तसं संशोधन छापून आलं, ओबी नर क्वचित मिळतो आणि त्याला मार्मलेड कॅट म्हणतात. तेव्हा "सगळ्या माद्याच दिल्या" म्हणून भांडू नका. ओबी पीकॉक (पीकॉक हाही मलावीचाच मासा) मात्र माणसाने केलेला हायब्रिड आहे, त्याला लाइन समजून प्युअर म्हणून विकू नका प्लीज. आणि छोटासाच पीकॉक एकदम झगझगीत असेल तर हॉर्मोनचा संशय घ्या, घरी आणल्यावर रंग उतरतो आणि कधीकधी तो "नर" मादी निघतो.

डिस्कस माशांमध्ये पिजन ब्लड या रंगाची जोडी लावली आणि पिल्लं अंगाला चिकटत नाहीत अशी तक्रार असते. पिल्लांना आईबापाच्या अंगावरचा चिकटा खायचा असतो, गडद अंग बघून ती तिकडे जातात, आणि पिजन ब्लडला नेहमीसारखं गडद होताच येत नाही. जोडीतला एक तरी ब्राऊन किंवा साधा ठेवा. ब्लड पॅरट या हायब्रिड माशाच्या अंड्यांवर महिनोन्महिने आशा लावून बसू नका, नर बहुतेक वांझ असतात, अंडी पांढरी पडणारच. निळा-जांभळा पॅरट तर रंग टोचलेला असतो, तो पिल्लांत कुठून येणार? तसंच दाणे खाऊन चढलेला लाल रंगही वारशाने जात नाही, दाणे बदलले की उतरतो.

शेवटचं, वही. प्रत्येक टँकला नंबर, प्रत्येक खेपेला तारीख, जोडी कुठली, किती पोहायला लागली, किती उरली, कुठल्या रंगाची किती. आणि प्रत्येक टँकची जाळी, सायफनचा पाइप वेगळा, कारण जाळीच्या घडीत आर्टेमियाएवढं (पिल्लांना खायला घालतात तो बारीक जीव) पिल्लू अडकून दुसऱ्या टँकमध्ये जातं आणि कळतही नाही.

त्या जुन्या ब्लॅक जोडीतला नर मी गेल्या वर्षी गोल्ड मादीबरोबर लावला. हिशोबाने निम्मी काळी, निम्मी गोल्ड, दुसरं काही येऊच शकत नाही. मोजली, ६१ काळी, ५४ गोल्ड, आणि तीन सिल्वर. अर्धा दिवस डोकं खाजवलं, वही तीनदा चाळली, मग शेजारच्या सिल्वरच्या टँकवर लटकलेली जाळी दिसली. घरात तेव्हा एकच जाळी होती.