ईव्हार झालं म्हणजे सुटलो? तपासणीतल्या या चुका टाळा

पोटातल्या महाधमनीचा फुगा पोट न फाडता, जांघेतून आत जाऊन दुरुस्त होतो (यालाच ईव्हार म्हणतात), याचं आता पुण्यात कुणाला नवल वाटत नाही. पेशंट चार-पाच दिवसांत घरी येतो, पंधरवड्यात सोसायटीत फेऱ्या मारायला लागतो आणि घरचे म्हणतात, सुटलो. माझी चिडचिड इथून पुढची आहे. मी सीटी स्कॅन वाचते, आणि ऑपरेशननंतर काही वर्षांनी सॅक, म्हणजे फुग्याची जुनी पिशवी, वाढलेली दिसते तेव्हा मागे बहुतेक वेळा त्याच त्या चुका असतात. काही घरच्यांच्या, काही आमच्या जमातीच्या.

आधी हे पक्कं करा, ईव्हारमध्ये फुगा काढत नाहीत. जुन्या गळक्या पाइपात आतून नवा पाइप सरकवावा तसा स्टेंट ग्राफ्ट बसवतात. रक्त ग्राफ्टमधून जातं, बाहेरच्या जुन्या पिशवीवर म्हणजे सॅकवर दाब येत नाही, आणि ती हळूहळू आकसते किंवा निदान आहे तेवढीच राहते. सॅक वाढत असेल तर कुठून तरी दाब पोचतोय. रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो.

फक्त मागच्या वर्षाशी तुलना

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे.

वाईकडचे एक निवृत्त शिक्षक मुलाबरोबर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात मागच्या वर्षीचा एकच रिपोर्ट. ‘टाइप २ एंडोलीक, सॅकच्या आकारात लक्षणीय बदल नाही.’ एंडोलीक म्हणजे ग्राफ्ट बसवल्यावरही सॅकमध्ये होणारी रक्ताची गळती. मुलगा म्हणाला, “मॅडम, दर वर्षी हेच येतं. नुसतं बघून सांगा, आम्हाला चारची गाडी गाठायचीये.” आमच्या रेसिडेंटनं मोजलं, ६८ मिलिमीटर. मागच्या वर्षी ६५. तोही लिहून मोकळा व्हायला निघाला होता, लक्षणीय बदल नाही. चुकीचं नव्हतं ते. दोन माणसांनी मोजलं की तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात, म्हणून तर ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढ झाली तरच ती खरी धरतात.

मी विचारलं, ऑपरेशननंतरची पहिली सीडी कुठाय? माळ्यावर, वाईला. सुनेनं ती शोधून एसटीच्या कंडक्टरकडे दिली आणि मुलानं दुसऱ्या दिवशी स्वारगेटवरून उचलली. चारची गाडी अर्थातच चुकली. त्या पहिल्या स्कॅनमध्ये सॅक होती ५८. पुढे ६०, ६२, ६५, ६८. दर वर्षीची वाढ मोजण्याच्या चुकीत बसणारी, आणि बेरीज १० मिलिमीटर. प्रत्येक सेंटरनं आपल्यापुरतं बरोबर लिहिलं होतं.

पुढचं आणखी वाईट. ग्राफ्टचं वरचं टोक पहिल्या स्कॅनमध्ये मूत्रपिंडाच्या खालच्या धमनीपासून २ मिलिमीटरवर होतं, आता ११ वर. म्हणजे मान, फुग्याच्या वरचा ग्राफ्ट धरून ठेवणारा धमनीचा भाग, रुंदावली होती, ग्राफ्ट खाली सरकला होता आणि वरच्या कडेनं रक्त आत घुसत होतं. हा टाइप १. पहिल्या वर्षी कुणीतरी ‘टाइप २’ लिहिलं, आणि पुढच्या प्रत्येकानं ते शब्द तसेच उचलले. टाइप २ मध्ये कमरेच्या किंवा आतड्याच्या छोट्या फांद्यांमधून रक्त उलटं सॅकमध्ये येतं. बरेचदा ते आपोआप बंद होतं, आणि सॅक वाढत नसेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. टाइप १, आणि सांधा निसटल्यानं किंवा कापड फाटल्यानं होणारा टाइप ३, यांत सॅकवर थेट धमनीचा दाब येतो. तिथे थांबायचं नसतं. सरांना वरून आणखी एक कफ, म्हणजे ग्राफ्टचा जोडतुकडा, बसवावा लागला. फुगा फुटायच्या आत कळलं, एवढंच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. डाव्या स्क्रीनवर ऑपरेशननंतरचा पहिला स्कॅन, उजवीकडे आजचा. माझं मोजून होईपर्यंत मधले रिपोर्ट उघडायचेच नाहीत, रेसिडेंटनंही नाही. माप सर्वांत रुंद जागी, धमनीच्या मध्यरेषेला काटकोनात, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. ग्राफ्टच्या वरच्या टोकाचं अंतर प्रत्येक रिपोर्टमध्ये आकड्यात. ‘नो इंटरव्हल चेंज’ची टेम्प्लेट चिकटवून पाच मिनिटांत केस संपवणाऱ्या मुलांना हे कटकटीचं वाटतं. वाटू दे. आणि टाइप २ असताना सॅक वाढत असेल तर टाइप १ आणि ३ नाहीत ना हे शोधल्याशिवाय मी सही करत नाही.

एकाच फेजमध्ये उरकणं

रेडिएशन वाचवायचं म्हणून कुणी फक्त आर्टेरियल फेज करतं, म्हणजे शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं औषध धमन्यांत भरलेलं असतानाचा एकच स्कॅन. हळू भरणारी गळती त्यात दिसतच नाही, ती उशिराच्या फेजमध्ये उमटते. आणि कॉन्ट्रास्टच्या आधीचा साधा स्कॅन नसेल तर सॅकमधलं कॅल्शियम गळतीसारखं चमकतं. डोस वाचवायचाच असेल तर योग्य पेशंटला पुढच्या वर्षी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा. अर्धवट सीटी करू नका.

सोनोग्राफी आणि सीटीची मापं एकमेकांशी लावणं

सोनोग्राफीचं माप बहुधा थोडं कमी येतं. मग घरचे पेढे वाटतात, “फुगा कमी झाला!” सोनोग्राफीची तुलना सोनोग्राफीशी, सीटीची सीटीशी. जमलं तर सेंटरही एकच ठेवा.

“त्रास नाही, मग कशाला?”

वाढणारी सॅक दुखत नाही. दुखायला लागते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ब्रिटनमधल्या ईव्हार-१ चाचणीत १९९९ ते २००४ या काळात १,२५२ रुग्ण घेतले होते, आणि १५ वर्षांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पहिल्या सहा महिन्यांत ईव्हारवाले पोट उघडून ऑपरेशन केलेल्यांपेक्षा सरस होते. आठ वर्षांनंतर चित्र उलटलं. फुग्यामुळे होणारे मृत्यू ईव्हारवाल्यांत जास्त झाले, मुख्यतः सॅक फुटल्यानं. ग्राफ्ट तेव्हाचे होते हे खरं, पण तपासणी जन्मभराची आहे ती यामुळेच. साधारण पहिला स्कॅन महिन्याच्या आसपास, मग वर्षानं, मग दर वर्षी. सर्जन वेगळं वेळापत्रक देतील तर ते पाळा. व्हॉट्सअॅपवरच्या मेहुण्याचं नको.

क्रिअॅटिनिन (किडनीची रक्तचाचणी) न तपासता कॉन्ट्रास्ट घ्यायला येऊ नका. किडनी नाजूक असेल तर साधा सीटी आणि डॉप्लर मिळून बरंच काम होतं, पण ते आधी सांगावं लागतं, टेबलावर झोपल्यावर नाही.

एक पाय अचानक दुखायला लागला, गार पडला, चालताना पोटरी धरायला लागली, तर ‘वात आलाय’ म्हणून तेल चोळत बसू नका. ग्राफ्टची त्या पायाकडे जाणारी नळी बंद पडलेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस कणकण येते, ती बहुतेक साधी. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ताप, कंबरदुखी आणि वजन कमी होणं एकत्र आलं, तर ग्राफ्टला जंतुसंसर्ग झालाय का ते आधी बघायचं. फॅमिली डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेत राहू नका.

कॅज्युअल्टीत नुसतं “स्टेंट टाकलाय” म्हणणं

माझी दुसरी आवडती चूक. रात्री आजोबांना पोटात-पाठीत कळ येते, घाम फुटतो, चक्कर येते. इमर्जन्सीत सगळे एकदम बोलतात, “यांना स्टेंट टाकलाय.” ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर हृदयाचा समजतो. ईसीजी, ट्रोपोनिन, सगळं नॉर्मल. मग किडनी स्टोनचा संशय, वेदनाशामक, आणि सकाळपर्यंत वाट. ही वाट बघणं जीवघेणं ठरू शकतं. पहिलं वाक्य हे म्हणा: “पोटातल्या महाधमनीला फुगा होता, त्यात ग्राफ्ट बसवलाय.” बाकीचं नंतर.

ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या इम्प्लांट कार्डचा फोटो आजोबांच्याच फोनमध्ये असून उपयोग नाही, तो फोन लॉक असतो. आजींच्या, मुलाच्या आणि सुनेच्या फोनमध्ये ठेवा. सीडीवर मार्करनं तारीख लिहा, आणि कॅफेवाल्याकडून तिची प्रत पेनड्राइव्हवर करून घ्या, कारण हल्लीच्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नसतो. फिल्म गादीखाली ठेवल्या तरी हरकत नाही. मापं मला सीडीवरच घ्यायची असतात.